भाड्याचे घर, वारसांचे वाटे आणि पुढे ढकललेला कर

मावळ तालुक्यात घराला गिऱ्हाईक मिळणे आता कठीण राहिलेले नाही. द्रुतगती मार्ग झाला, तळेगावची एमआयडीसी वाढली, पुणे-लोणावळा लोकल तर होतीच. तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत या पट्ट्यात १५-२० वर्षांपूर्वी दोन पैसे गाठीला बांधून फ्लॅट घेतलेली, तो भाड्याने लावून घरखर्चाला हातभार लावणारी कितीतरी कुटुंबे आहेत. लोणावळा-खंडाळ्यात गोष्ट आणखी जुनी. तिथे आजोबांच्या काळातले घर, मागे आंबा-फणस, पुढे ओटा, आणि सातबारावर किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर मर्हूम आजोबांचेच नाव. भाडेकरू आहे, भाडे येते, सणावारी सगळे जमतात. मग एक दिवस कुणाच्या मुलाचे शिक्षण निघते, कुणाच्या मुलीचे लग्न निघते, आणि "घर काढून टाकू या" असा विषय निघतो.

त्या दिवशी घरात किमतीवर बोलणे होते, वाट्यांवर होते, दलालीवरही होते. कराचे नाव मात्र निघते ते थेट बयाणा घेतल्यावर. तोवर बऱ्याच वाटा बंद झालेल्या असतात. म्हणून हा विषय आम्ही या अंकात घेतला आहे. जे घर वर्षानुवर्षे भाड्याने दिले, ते विकताना सरकारचा कर कायद्याच्या चौकटीत किती कमी करता येतो, किती पुढे ढकलता येतो आणि त्यात आपल्या घरांना येणाऱ्या खास अडचणी कोणत्या, एवढाच हा लेख आहे. एक खुलासा आधीच करून ठेवतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू होतो. त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. पण सीए आणि वकील अजून जुन्याच आकड्यांनी बोलतात, म्हणून आम्हीही तेच वापरतो.

आधी भाड्याचे बघू, ते थोडक्यात आटोपते. महिना १५,००० रुपये भाडे असेल तर वर्षाचे १,८०,००० झाले. त्यातून नगरपरिषदेची प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा करायची, समजा ६,०००. उरलेल्या १,७४,००० वर दुरुस्ती-देखभालीपोटी सरसकट ३० टक्के सूट मिळते, मग रंग लावा की न लावा. म्हणजे ५२,२०० गेले आणि १,२१,८०० रुपये करपात्र राहिले. घरपट्टी भाडेकरूने भरली असेल तर ती वजा होत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. मुंबईत राहून लोणावळ्यात बंगला नुसता कुलूप लावून ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट : स्वतःच्या वापराची दोन घरे करमुक्त धरली जातात. तिसरे घर रिकामे असले तरी त्याचे भाडे येतेच आहे असे समजून कर लावला जातो.

गृहकर्जावरच्या व्याजाची जी मोठी सवलत सगळे सांगतात, ती आपल्या बऱ्याच घरांत उपयोगाचीच नाही. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही म्हणून ज्यांनी दागिने मोडून, भावाकडून कर्जे हसना घेऊन, बिल्डरला हप्त्याहप्त्याने पैसे देऊन घर उभे केले, त्यांनी व्याज दिलेलेच नाही. मग वजावट कसली? त्याची खंत करण्याचे कारण नाही. कायद्यात व्याजाशी संबंध नसलेल्या सवलतीही आहेत, आणि विक्रीच्या वेळी त्याच जास्त मोलाच्या ठरतात.

विक्रीचा कर म्हणजे दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा कर. घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ मालकीचे असेल तर नफा दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने यात मोठा बदल केला. पूर्वी खरेदी किमतीला महागाईच्या निर्देशांकाने फुगवून उरलेल्या नफ्यावर २० टक्के कर असे. आता निर्देशांकाविना सरळ नफ्यावर साडेबारा टक्के. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन-घरासाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तीला दोन्ही पद्धतींनी हिशेब करून कमी येईल तो कर भरण्याची मुभा ठेवली आहे. कोणती पद्धत फायद्याची हे तोंडी सांगता येत नाही, कागदावर मांडावेच लागते.

समजा, तळेगावचा फ्लॅट २०१०-११ मध्ये सगळा खर्च धरून २० लाखांना घेतला आणि २०२५-२६ मध्ये ६० लाखांना विकला. घेतला त्या वर्षीचा निर्देशांक १६७, विकला त्या वर्षीचा ३७६. जुन्या पद्धतीने खरेदी किंमत सुमारे ४५ लाख होते, नफा १५ लाखांच्या आसपास आणि २० टक्क्यांनी कर सुमारे ३ लाख. नव्या पद्धतीने नफा ४० लाख आणि कर ५ लाख. इथे जुनी पद्धत बरी. आता लोणावळ्याचे आजोबांचे घर घ्या. १ एप्रिल २००१ च्या आधीच्या मालमत्तेला त्या दिवशीची बाजारभावाची किंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते. ती त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त मात्र चालत नाही. समजा ती ८ लाख निघाली आणि घर आज २ कोटींना गेले. जुन्या पद्धतीने खरेदी किंमत ३० लाख, नफा जवळपास १७० लाख, कर ३४ लाख. नव्या पद्धतीने नफा १९२ लाख, कर २४ लाख. इथे नवी पद्धत १० लाखांनी स्वस्त. सेस आणि मोठ्या रकमेवरचा सरचार्ज दोन्हीकडे वेगळा.

हे २४ लाख भरलेच पाहिजेत का? इथून खरा विषय सुरू होतो.

घराच्या बदल्यात घर

अमेरिकेत भाड्याची मालमत्ता विकून तशीच दुसरी घेतली तर कर पुढे ढकलायची सोय आहे. तिथे राहणारी आपली मंडळी तिला १०३१ ची अदलाबदल म्हणतात. ४५ दिवसांत नवी मालमत्ता नक्की करायची, १८० दिवसांत व्यवहार पुरा करायचा. त्यांच्याकडे कर नव्या घरावर चढून बसतो आणि ते विकले की पुन्हा समोर येतो. आपल्याकडचे कलम ५४ याच्याशी मिळतेजुळते आहे, पण आमच्या मते त्याहून उदार आहे. राहते घर विकल्यावर झालेला नफा भारतातच दुसऱ्या राहत्या घरात गुंतवला तर तेवढ्या नफ्यावर कर नाही. नवे घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांनंतरपर्यंत विकत घ्यायचे, किंवा तीन वर्षांत बांधायचे. 'राहते घर' म्हणजे आपण स्वतः राहत असलेलेच घर नव्हे. भाड्याने दिलेला फ्लॅटही त्यात येतो. संपूर्ण विक्रीची रक्कम नव्हे, फक्त नफा गुंतवायचा असतो. वरची मर्यादा १० कोटींची. नफा २ कोटींपर्यंत असेल तर आयुष्यात एकदा एकाऐवजी दोन घरेही घेता येतात.

नवे घर तीन वर्षांच्या आत विकले तर वाचवलेला कर परत मानेवर येतो, कारण त्या घराची खरेदी किंमत सवलतीइतकी कमी धरली जाते. तीन वर्षे उलटली की तो धोका संपतो. म्हणजे पहिली तीन वर्षे हा ढकललेला कर असतो आणि त्यानंतर माफ झालेला. हा फरक समजून घ्यावा, कारण "लोणावळ्याचे विकून तळेगावात घेऊ आणि दोन वर्षांत भाव वाढला की काढू" असा हिशेब अनेक जण करतात. तो हिशेब इथे फसतो.

घर लगेच सापडले नाही तर? विवरणपत्र भरण्याच्या मुदतीआधी नफ्याची न वापरलेली रक्कम बँकेत 'कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम'च्या खात्यात ठेवायची. १९८८ सालची ही योजना आहे. बचत खात्यासारखा एक प्रकार, मुदत ठेवीसारखा दुसरा. त्यातून पैसे फक्त नव्या घरासाठी काढता येतात. घर घेतलेच नाही तर तीन वर्षे पुरी झाली त्या वर्षी उरलेल्या रकमेवर कर लागतो. नुसत्या साध्या बचत खात्यात पैसे ठेवून "घरासाठीच ठेवलेत" असे सांगणे पुढे वादाचे कारण होते. या खात्यावर व्याज जमा होतेच. अनेक घरे ते वेगळे काढून गरजूंना देऊन टाकतात. पण दिलेल्या व्याजावरचाही प्राप्तिकर खातेदारालाच भरावा लागतो, हे लक्षात ठेवून तेवढे पैसे बाजूला काढावेत.

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत फ्लॅट बुक केला तर तो बहुधा 'बांधलेले घर' मानून तीन वर्षांची मुदत मिळते. बिल्डरने ताबा लांबवला तर खात्याशी पत्रव्यवहार करावा लागतो. म्हणून महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी आणि पूर्ण होण्याची तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि नवे घर स्वतःच्याच नावावर घ्यावे. प्रेमापोटी सुनेच्या किंवा मुलाच्या नावावर घेतलेल्या घरांनी अनेकांची सवलत अडकवली आहे.

दुसरा रस्ता कलम ५४ईसीचा. विक्रीपासून सहा महिन्यांत आरईसी, पीएफसी, आयआरएफसी यांसारख्या सरकारी संस्थांचे ठराविक रोखे घ्यायचे, जास्तीत जास्त ५० लाखांचे, आणि पाच वर्षे हलवायचे नाहीत. या रोख्यांवर अलीकडच्या वर्षांत सव्वापाच टक्के व्याज मिळते. व्याजाला हात न लावणाऱ्या कुटुंबांना हा मार्ग मनाला पटणारा नाही. काही जण रोखे घेऊन व्याज सदका म्हणून नव्हे, तर निव्वळ सुटका म्हणून देऊन टाकतात. काही जण त्या वाटेलाच जात नाहीत. हा ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवायचा प्रश्न आहे. आम्ही एवढेच म्हणू की व्याज टाळायचे असेल तर कलम ५४ पुरेसे सशक्त आहे, फक्त त्यासाठी तयारी विक्रीच्या आधी हवी.

प्लॉट विकून घर घ्यायचे असेल तर कलम ५४एफ लागते, आणि तिथे भाड्याच्या घरांचे मालक अडकतात. त्यात नफा नव्हे, विक्रीची सगळी रक्कम गुंतवावी लागते. शिवाय विक्रीच्या दिवशी नव्या घराखेरीज एकापेक्षा जास्त घरे नावावर असतील तर सवलतच मिळत नाही. ज्याचे तळेगावात दोन फ्लॅट भाड्याने आहेत त्याने कामशेतचा प्लॉट विकून घर घेतले तर कर भरावाच लागेल. तोच माणूस एक फ्लॅट विकून घर घेईल तर लागणार नाही. आधी काय विकायचे, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

शेतजमिनीचेही दोन शब्द. खऱ्या ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर हा करच नाही. पण ग्रामीण कोणती? लोणावळा आणि तळेगाव दाभाडे या दोन्ही नगरपरिषदांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १० हजार ते १ लाख या टप्प्यात होती, म्हणून त्यांच्या हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरपर्यंतची जमीन शहरी धरली जाते. पिंपरी-चिंचवड महापालिका १० लाखांच्या वरची, तिच्या हद्दीपासून ८ किलोमीटर. मावळच्या पूर्वेकडच्या गावांनी हे अंतर मोजून घ्यावे. रस्त्याचे नव्हे, आकाशातून मोजलेले.

वारसा आणि हिबा

करबचतीच्या पुस्तकांत अविभक्त हिंदू कुटुंबाची स्वतंत्र फाइल काढण्याचा सल्ला हमखास असतो. तो आपल्याला लागू नाही. पण आपल्याकडे त्याहून साधी गोष्ट आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. आपल्या वारशाचे हिस्से ठरलेले असतात. प्राप्तिकर कायदा म्हणतो की घराचे मालक अनेक असतील आणि प्रत्येकाचा हिस्सा निश्चित असेल तर प्रत्येकावर त्याच्या हिश्श्यापुरताच स्वतंत्र कर. भाड्यावरही आणि विक्रीवरही.

वरचेच लोणावळ्याचे घर घ्या. समजा वडील वारले, आजी-आजोबा आधीच गेलेले, मागे अम्मी, दोन मुलगे, एक मुलगी. अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. चाळीस भाग केले तर अम्मीचे ५, प्रत्येक मुलाचे १४, मुलीचे ७. एकूण नफा १९२ लाख. अम्मीच्या वाट्याला २४ लाख, मुलीच्या ३३ लाख ६० हजार, प्रत्येक मुलाच्या ६७ लाख २० हजार. आता चौघांना चार वेगळ्या सवलती. मुलगी आपल्या नफ्यातून स्वतःच्या नावावर घर घेऊ शकते, अम्मी वेगळा निर्णय घेऊ शकते, एक भाऊ कर भरून पैसे धंद्यात घालू शकतो. कुणाचे कुणावर अडत नाही. मोठ्या रकमेवरचा सरचार्जही विभागणीमुळे कमी होतो किंवा लागतच नाही.

आणि प्रत्यक्षात काय होते? बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते. "तुला लग्नात दिलेच की", "माहेर तुटायला नको" अशा बोलण्याने. हिस्सा जातो हे तर आहेच, त्यात शरीयतीचा हुकूम मोडतो हे आम्ही वेगळे सांगायला नको. पण ज्या भावांना त्याने काही वाटत नाही त्यांनी निदान हिशेब बघावा : बहिणीचे ३३ लाख ६० हजार आता भावांच्या नफ्यात मिळाले, तिची सवलत वाया गेली आणि त्यावरचा कर त्यांच्या माथी आला. बहिणीला हिस्सा देणारे घर करातही फायद्यात राहते. काही ठिकाणी बहिणीला गुपचूप काही लाख हातात देऊन हक्कसोड करतात. पैसे घेऊन सोडलेला हक्क कायद्याच्या नजरेत विक्रीच आहे आणि त्यावर तिला कर लागू शकतो, याची तिला बिचारीला कल्पनाही नसते.

हयातीतच वाटून द्यायचे असेल तर हिबा. देण्याचा जाहीर इरादा, घेणाऱ्याची कबुली आणि ताबा, एवढ्यावर आपल्या कायद्यात हिबा पुरा होतो, तोंडीसुद्धा. पण घर विकायची वेळ येते तेव्हा तोंडी हिब्यावर खरेदीदाराचा वकील समाधान मानत नाही. महाराष्ट्रात पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे यांना राहते घर किंवा शेती बक्षीस देण्याच्या दस्तावर मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे. स्थानिक अधिभार वेगळा लागू शकतो, तो दुय्यम निबंधकाकडे आधी विचारून घ्यावा. एवढ्यासाठी कागद न करणे शहाणपणाचे नाही.

हिब्याच्या वेळी देणाऱ्याला भांडवली नफ्याचा कर नाही आणि जवळच्या नात्यात घेणाऱ्यालाही प्राप्तिकर नाही. पण इथे कर नाहीसा होत नाही, तो खऱ्या अर्थाने पुढे ढकलला जातो. अम्मीने २००५ साली घेतलेला फ्लॅट मुलीला दिला तर मुलीची खरेदी किंमत म्हणजे अम्मीचीच किंमत आणि मालकीचा काळही अम्मीपासून मोजायचा. महागाईचा निर्देशांकही आधीच्या मालकाच्या वर्षापासून धरायचा, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे. वारशाने आलेल्या घराचेही तसेच. म्हणून अब्बांची खरेदीखते, मुद्रांकाच्या पावत्या, खोल्या वाढवल्याची बिले जपून ठेवा. तो कागद म्हणजे मुलांचे लाखो रुपये असतात. पत्नीला किंवा अज्ञान मुलाला घर दिले तर भाडे मात्र देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. भाड्यावरचा कर चुकवण्याचा तो मार्ग नाही.

जागा बिल्डरला देताना

जुने घर पाडून बिल्डरला देणे आणि बदल्यात फ्लॅट घेणे हे तळेगावात सर्रास चालते, लोणावळ्यातही होते. पूर्वी करार केला, जागेचा ताबा दिला की त्याच वर्षी कर मागितला जाई. हातात फ्लॅट नाही, पैसे नाहीत आणि नोटीस मात्र आली, अशी गत व्हायची. २०१७ च्या दुरुस्तीने कलम ४५(५ए) आले. व्यक्तिगत मालकाने नोंदणीकृत विकसन करार केला असेल तर इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला मिळेल त्या वर्षी कर. चार-पाच वर्षांची सवड सहज मिळते. अट अशी की दाखला येण्याआधी आपल्या वाट्याचे फ्लॅट विकायचे नाहीत. विकले त्या वर्षीच कर उभा राहतो. नोटरीच्या कागदावरचा करार इथे चालत नाही. आणि चार फ्लॅट मिळाले तरी कलम ५४ ची सवलत साधारण एकाच घरापुरती असते, हेही करार करतानाच वारसांनी मोजावे. चार भावंडांचे वेगवेगळे हिस्से कागदावर असतील तर चौघांना एकेक घर. हिस्से न लिहिता मोठ्या भावाच्या एकट्याच्या नावावर करार केला तर चौघांत एक.

लोणावळ्यापुरती एक वेगळी गोष्ट. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना बंगला देणे भाडेकरू ठेवण्यापेक्षा किफायतशीर वाटते. पण कलम ५४ त्याच घराला मिळते ज्याचे उत्पन्न 'घर-मालमत्तेचे उत्पन्न' म्हणून करपात्र आहे. राहत्या घराचे भाडे आता धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही, अशी दुरुस्ती २०२४ मध्ये झाली. तरी जेवण, साफसफाई, नोकरचाकर अशी हॉटेलसारखी सेवा देऊन, घसारा लावून धंदा दाखवला असेल तर विक्रीच्या वेळी सवलतीवर प्रश्न येऊ शकतो. दोन-तीन वर्षांत घर काढायचा विचार असेल तर साधा लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार करून कायमचा भाडेकरू ठेवावा, असे आम्हाला वाटते. पावसाळ्यातले चार पैसे कमी मिळतील, पण शेजाऱ्यांच्या शिव्याही कमी मिळतील.

रोखीचा मोह सगळीकडेच आहे. करारात कमी रक्कम दाखवून उरलेली रोख घ्यायची. सरकारी रेडी रेकनरच्या मूल्यापेक्षा करारातली किंमत १० टक्क्यांहून अधिक कमी असेल तर कर सरकारी मूल्यावरच लागतो. शिवाय घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून अधिक रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. आणि रोखीतून नवे घर घेऊन ५४ ची सवलत मागता येत नाही. गुंतवणूक दाखवायची तर पैसा पांढरा लागतो.

शेवटी आखातातल्या भावांचे. दुबईत प्राप्तिकर नाही म्हणून तळेगावच्या फ्लॅटवरचा कर माफ होत नाही. उलट अनिवासी विक्रेत्याला २० टक्के निर्देशांकाची निवड मिळत नाही, साडेबाराच. ५४ आणि ५४ईसी मात्र त्यालाही आहेत. अडचण येते ती कापणीची. निवासी विक्रेत्याकडून खरेदीदार ५० लाख किंवा त्यापुढील व्यवहारात १ टक्का कापतो. अनिवासी असेल तर मोठा कर कापावा लागतो, आणि नफा किती हे खरेदीदाराला माहीत नसल्याने तो बहुधा पूर्ण किमतीवरच कापतो. ६० लाखांचा फ्लॅट, प्रत्यक्ष नफा कमी, आणि लाखो रुपये परताव्याची वाट बघत अडकलेले. यावर उपाय म्हणजे प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आधी मिळवणे. अर्ज ऑनलाइन होतो. खरेदीची कागदपत्रे, नफ्याचा हिशेब, नवे घर घेणार असल्यास त्याचा करार जोडावा लागतो. यात काही आठवडे जातात. म्हणून भाऊ सुट्टीवर यायच्या आधीच ते काम सुरू करावे, आणि बयाण्याच्या करारात प्रमाणपत्र येईपर्यंतची मुदत लिहून घ्यावी.